जुना बॅकअप पुसला जात नाही? आधी अडवतंय कोण ते बघा

कोल्हापुरातला ऑगस्ट २०१९ चा पूर ओसरला तेव्हा शाहूपुरी, लक्ष्मीपुरीतल्या दुकानांमधले चिखलानं भरलेले सीपीयू राजारामपुरीतल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या टेबलावर येऊन पडले होते. तेव्हापासून माझी गिऱ्हाइकं बॅकअपची हयगय करत नाहीत आणि मला त्याचं फार बरं वाटतं. आता दुखणं वेगळं आहे: जुन्या बॅकअपनी डिस्क भरते आणि ते हटत नाहीत.

गेल्या आठवड्यात उद्यमनगरातले एक काका एक टीबीची डिस्क घेऊन आले. "पुसतोय, पण पुसंनाच झालंय बघ. फॉरमॅट मार सरळ." मी मारला नाही. त्याच डिस्कवर त्यांचा २०२१ चा टॅलीचा डेटा होता आणि तो दुसरीकडं कुठंच नव्हता. म्हणून पहिलं काम हे: नव्या बॅकअपमधल्या दोन-चार फाइली प्रत्यक्ष उघडून बघा. नुसती नावं दिसली म्हणजे आत माल आहे असं नसतं.

मग पुसताना विंडोजकडून येणारा संदेश नीट वाचा. घाईत सगळे तो बंद करतात, पण कारण त्यातच लिहिलेलं असतं.

परवानगी नाही असं म्हणत असेल तर बहुतेकदा फोल्डरचा मालक दुसरा असतो. काकांचं असंच होतं. 'विंडोजइमेजबॅकअप' हे फोल्डर त्यांच्या जुन्या पीसीनं बनवलेलं, तो पीसी भंगारात गेला आणि मालकाच्या जागी नावाऐवजी एसपासून सुरू होणारा लांबलचक आकडा उरला. ॲडमिन खात्यानं लॉगिन करा. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. वर 'ओनर'समोर 'चेंज' आहे, तिथं आपल्या खात्याचं नाव टाकून 'चेक नेम्स' दाबा. नावाखाली रेघ आली की ओके. त्याखालीच आतल्या सगळ्या फोल्डरांचा मालक बदलण्याचा चौकोन असतो, त्यावर टिक करायला बहुतेक जण विसरतात आणि मग अर्धंच काम होतं. अप्लाय करून खिडक्या बंद करा, पुन्हा तिथंच जाऊन 'ॲड'मधून स्वतःला 'फुल कंट्रोल' द्या आणि सर्वात खालच्या, आतल्या परवानग्या बदलणाऱ्या चौकोनावरही टिक करा. आता शिफ्ट धरून डिलीट. काकांच्या डिस्कवर एवढ्यानंच भागलं.

फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे असा संदेश आला तर रिसोर्स मॉनिटर उघडा. सीपीयूच्या पानावर 'असोसिएटेड हँडल्स'च्या शोधचौकटीत फाइलचं नाव टाका, कुणी धरून ठेवलीय ते दिसतं. बहुतेक वेळा बॅकअपचं सॉफ्टवेअरच असतं. त्याची खिडकी बंद केली तरी सर्व्हिस मागं चालूच राहते, ती 'सर्व्हिसेस'मधून थांबवावी लागते. तरी सुटली नाही तर सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरतं विंडोज चालू करून, पुसा.

नाव किंवा पाथ, म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता, फार लांब आहे, ही तक्रार बॅकअपचा बॅकअप घेणाऱ्यांकडं हमखास येते. फोल्डरात फोल्डर करत पाथ २६० अक्षरांच्या पुढं गेला की एक्सप्लोरर अडतो. वरच्या फोल्डरांची नावं एकेका अक्षराची करा, बऱ्याचदा तेवढं पुरतं. नाहीच जमलं तर एक रिकामं फोल्डर बनवा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये रोबोकॉपी (robocopy) लिहून आधी रिकाम्याचा पाथ, मग भरलेल्याचा, शेवटी तिरकी रेघ देऊन एमआयआर (/MIR). भरलेलं फोल्डर रिकाम्यासारखं होतं. एंटर दाबण्याआधी दुसरा पाथ बोट ठेवून वाचा. तिथं चुकून अख्ख्या ड्राइव्हचं नाव गेलं तर ड्राइव्हच धुऊन निघेल.

फाइल करप्ट आहे असं आलं तर आधी कामाचा डेटा दुसरीकडं उतरवा, मगच ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधल्या टूल्समधून 'चेक' चालवा. मरायला टेकलेली डिस्क तपासणीच्या ताणानंही जाऊ शकते.

'विंडोज डॉट ओल्ड' या, आधीचं विंडोज ठेवलेल्या फोल्डरशी झटापट करू नका. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्समध्ये जुन्या विंडोजवर टिक करून काढा. एकदा काढलं की जुन्या विंडोजवर परत जाता येत नाही, एवढं लक्षात असू द्या.

आणि 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' हे फोल्डर हातानं पुसू नका, त्यात रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोज आधीच्या स्थितीत नेण्यासाठीच्या नोंदी, असतात. जागा हवी असेल तर सिस्टिम प्रोटेक्शनमध्ये 'कॉन्फिगर' उघडून तिथली पट्टी मागं सरकवा, जुने पॉइंट विंडोज स्वतःच काढून टाकतं.