पावसाळी परसबागेतील अळ्यांचा नैसर्गिक बंदोबस्त

श्रावणात पावसाने थोडी उघडीप दिली की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील परसबागांमध्ये पानांची चाळण झालेली दिसू लागते. पाटण-महाबळेश्वरकडे संततधार आणि माण, खटाव, जत, आटपाडीकडे तुरळक सरी अशी स्थिती असल्याने फवारणीचा एकच दिवस सर्वांना सांगता येत नाही. मात्र अळी लहान असतानाच तिला गाठले पाहिजे, हे दोन्हीकडे सारखेच लागू आहे, कारण मोठ्या झालेल्या अळीवर कोणत्याही वनस्पतिजन्य अर्काचा परिणाम फारसा होत नाही.

त्यासाठी एक दिवसाआड सकाळी पाने उलटून पाहावीत. पाने खाणारी स्पोडोप्टेरा अळी ज्या पतंगापासून होते, त्याची मादी पानावर पुंजक्याने शेकडो अंडी घालते आणि त्यांवर भुरकट केसांचे आवरण असते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या पहिले काही दिवस त्याच पानावर एकत्र राहून हिरवा भाग खरवडतात, त्यामुळे पान जाळीदार व पांढरट दिसते. हे एक पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवले, तर पुढे बागभर पसरणाऱ्या शेकडो अळ्या एका मिनिटात संपतात. लिंबू आणि कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची असते. तीही हातानेच वेचावी, फवारणीची गरज सहसा पडत नाही. शेवग्याच्या खोडावर जमणाऱ्या केसाळ अळ्यांना मात्र उघडा हात लावू नये, कारण त्यांच्या केसांमुळे अंगावर पुरळ उठते व तीव्र खाज सुटते. त्या जाड फडक्याने किंवा खराट्याने साबणाच्या पाण्यात पाडाव्यात.

वेचूनही अळ्या आटोक्यात येत नसतील, तर पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. सावलीत वाळवलेल्या 50 ग्रॅम निंबोळ्या भरड कुटून अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवाव्यात, सकाळी फडक्यातून गाळून पाणी एक लिटर करावे आणि त्यात सुमारे दोन ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा. अर्क त्याच दिवशी संपवावा. निंबोळीतील ॲझाडिरॅक्टिन हा अळ्यांवर काम करणारा घटक उन्हात लवकर निकामी होतो, म्हणून फवारणी सायंकाळी आणि पानांच्या खालच्या बाजूनेही करावी. रात्री जोराचा पाऊस झाल्यास ती पुन्हा करावी लागते. अळी लगेच मरत नाही. तिचे खाणे मंदावते, कात टाकण्यात अडथळा येतो; त्यामुळे दुसऱ्याच दिवशी निराश होऊन रासायनिक औषधाकडे वळू नये.

वांग्यातील शेंडा व फळ पोखरणारी अळी आत दडलेली असल्याने फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सुकून मान टाकलेला शेंडा छिद्राच्या थोडा खालून कापावा, किडकी वांगी तोडावीत आणि दोन्ही जाळून किंवा खोल पुरून नष्ट करावीत. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत.

कोबी-फ्लॉवरवरील अळ्यांसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जिवाणूजन्य कीटकनाशक पाकिटावरील मात्रेप्रमाणे सायंकाळी फवारता येते. ते अळीच्या पोटात गेल्यावरच काम करते. रेशीमकिड्यांनाही ते मारक असल्याने शेजारी तुतीची लागवड असेल तर ते वापरू नये. तंबाखूचा काढा अनेक जण सुचवतात, परंतु निकोटीन त्वचेतूनही शरीरात जाते आणि ते माणसालाही विषारी आहे, म्हणून घरच्या भाजीवर मी त्याची शिफारस करणार नाही. कण्हेरीच्या पानांच्या अर्काबाबतही हेच मत आहे.

एखाद्या अळीच्या अंगावर किंवा शेजारी तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे कोष चिकटलेले दिसले, तर ती अळी मारू नये. ते कोष परोपजीवी गांधीलमाशीचे असतात. अळीचे खाणे जवळजवळ थांबलेले असते आणि त्या कोषांतून बाहेर पडणाऱ्या माश्या बागेतल्या इतर अळ्या शोधून त्यांत अंडी घालतात.