वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या वळणाच्या आजी-आजोबांना सांभाळताना काय विचारायचं आणि ते कुठे लिहून ठेवायचं

मी वृद्धांच्या केअर होममध्ये बरीच वर्षं काम करतेय, आणि हे लिहायला बसले ते एका आजींमुळे. त्या आल्या तेव्हा आमची भाषा तोडकीमोडकी का होईना बोलायच्या, मग डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) वाढत गेला तशी फक्त त्यांची मातृभाषा उरली आणि ती आमच्यातल्या एकालाही येत नव्हती. रोज संध्याकाळी उठायच्या, दाराकडे जायच्या, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायच्या, परत आणून बसवलं की ओरडायच्या. आणि आम्ही फाइलमध्ये काय लिहिलं, तर "संध्याकाळी अस्वस्थ, बडबड करतात, सहकार्य नाही". आठवडाभर हेच चाललं. मग एक दिवस फरशी पुसणाऱ्या ताई हातातलं काम थांबवून म्हणाल्या, अहो, त्यांना संडासला जायचंय. तेवढंच होतं. तो शब्द जसा कानाला ऐकू येतो तसा मोठ्या अक्षरात लिहून पलंगाशेजारी लावला आणि संध्याकाळचं ओरडणं जवळपास थांबलं. त्यांना शांत करायची गोळी सुरू करायची का, अशी चर्चा तोपर्यंत सुरू झाली होती, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

डिमेन्शियात असं खूपदा होतं, मोठेपणी शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणची टिकून राहते. म्हणून माणूस नीट बोलत असतानाच, पहिल्या आठवड्यातच, पंधरा-वीस शब्दांची यादी करून ठेवा: पाणी, संडास, दुखतंय, थंडी वाजतेय, भूक, नको, थांबा, हळू, घरी जायचंय, आई. स्टाफला वाचता येईल अशा लिपीत उच्चाराप्रमाणे लिहा, आणि घरच्यांच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, कारण लिहिलेला उच्चार आपण हमखास चुकवतो. आणि हो, "यांना काही समजत नाही" असं ठरवायच्या आधी कानातलं मशिन चालू आहे का, त्याचा सेल संपलाय का ते बघा, चष्मा त्यांचाच आहे ना ते बघा.

आता मुख्य गोष्ट. फॉर्मवर धर्म, देश, भाषा, आहार असे रकाने असतात, ते भरले की आपल्याला वाटतं झालं काम. होत नाही. एकाच गावातले, एकाच धर्माचे दोन आजोबा समोरासमोरच्या पलंगावर असतात, एक रोज प्रार्थना करतात आणि दुसऱ्यांनी चाळीस वर्षांपूर्वी सगळं सोडून दिलेलं असतं, वर कुणी प्रार्थनेला बसवलं तर त्यांना संताप येतो. रकान्यावरून फक्त काय विचारायचं ते कळतं, उत्तर त्या माणसाकडूनच घ्यायचं. न्यूझीलंडमधल्या माओरी नर्स इरिहापेती रॅम्सडेन यांनी कल्चरल सेफ्टी (सांस्कृतिक सुरक्षितता) हा विचार मांडला, 1990 च्या दशकात तो तिथल्या नर्सिंगच्या शिक्षणात आला, आणि त्यातलं मला सगळ्यात पटलेलं हे की सेवा सुरक्षित वाटली की नाही हे सेवा घेणाऱ्यानं ठरवायचं, देणाऱ्यानं नाही.

विचारायचं कसं? फॉर्म हातात धरून एका बैठकीत नाही. दोन-तीन दिवसांत, चहा देताना, पाय चेपताना, असं थोडं थोडं. पहिला प्रश्न नावाचा. आपल्याला कुणालाही पटकन आजी, काका म्हणायची सवय, पण काहींना ते जवळचं वाटतं आणि काहींना अपमान वाटतो, आयुष्यभर सर किंवा बाई म्हणून मान घेतलेल्या माणसाला तर जास्तच. मग नावाचा उच्चार त्यांच्याच तोंडून ऐका, दोनदा म्हणून दाखवा, चुकला तर त्यांना सुधारू द्या. नंतर दिवस कसा जायचा ते विचारा: किती वाजता उठायचात, उठल्यावर पहिलं काय करायचात, अंघोळ सकाळी की रात्री, बादलीनं की शॉवरखाली, काय खात नाही आणि काय खाल्लं की बरं वाटतं, कुठले दिवस पाळता, देवाचं काही जवळ ठेवायचंय का, अंगावरचं काय कधीच काढायचं नाही.

अंघोळीला थोडा जास्त वेळ देते, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथंच होतात. "अंघोळीला नकार" हे शब्द मला फाइलमध्ये दिसले की मी विचारते, नकार कशाला, पाण्याला, वेळेला, का माणसाला? कित्येक बायकांना परक्या पुरुषानं हात लावणं नकोच असतं आणि पुरुषांनाही तरुण मुलीसमोर कपडे काढायची लाज वाटते, फक्त ते तसं बोलून दाखवत नाहीत, "आज नको" एवढंच म्हणतात. बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष देता आला तर द्या. नाही जमलं तर आधी स्पष्ट सांगा आणि अंगभर चादर ठेवा, जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडायचा, मग झाकायचा, मग पुढचा. जिथं हात पोचतो तिथं ओला टॉवेल त्यांच्याच हातात द्या. वेळ लागतो हे खरं आहे, पण अर्धा तास झटापट करण्यापेक्षा कमीच.

कधीकधी नकाराच्या मागे फार जुनं काहीतरी असतं. छळछावणीतून वाचलेल्या ज्यू वृद्धांना शॉवर, रांग, कुत्र्याचं भुंकणं यानंही धस्स होऊ शकतं. ऑस्ट्रेलियात साधारण 1910 ते 1970 या काळात आदिवासी मुलांना सरकारनं आईबापांपासून तोडून संस्थांमध्ये ठेवलं, 2008 साली तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, आणि ती मुलं आता म्हातारी झाली आहेत. त्यांना परत एका संस्थेत, एकसारख्या खोल्यांत, बेलच्या वेळेवर जेवायला बसायला सांगणं म्हणजे काय, विचार करा. युद्ध, फाळणी, स्थलांतर, तुरुंग यातून आलेल्या कुणालाही हे लागू आहे. त्यांना खोदून विचारू नका. "इथं असं काही आहे का ज्याची तुम्हाला भीती वाटते किंवा त्रास होतो?" एवढंच विचारा. दार उघडं ठेवा म्हणाले तर उघडं ठेवा, मागून येऊन हात लावू नका, दिवा राहू द्या.

भाषा येत नसेल तर दुभाषा लागतो आणि इथं आपण सर्रास चुकतो, समोर नातू उभा असतो, दोन्ही भाषा येतात, त्यालाच सांगतो की विचार आजीला. पाणी हवं का, उशी हवी का, याला ठीक आहे, मोबाइलचं भाषांतर ॲपसुद्धा चालेल. पण आजार, ऑपरेशन, सही, औषधातला बदल, लघवीचे त्रास, घरात कुणी मारतं का, हे नातवाच्या तोंडून विचारलं तर आजी खरं सांगणार नाही आणि नातू वाईट बातमी गाळून सांगेल, प्रेमापोटीच गाळेल. अशा वेळी शिकलेला दुभाषा बोलवा, फोनवरचा चालतो. भाषाच नाही तर बोलीही जुळते का ते आधी विचारा. समाज छोटा असेल तर दुभाषा ओळखीचा निघू शकतो, मग आजी गप्प बसते, म्हणून तेही विचारा. बोलताना बघायचं आजींकडे, दुभाष्याकडे नाही, आणि "त्यांना विचारा दुखतं का" असं नाही तर थेट "तुम्हाला दुखतं का". एका वेळी एक-दोनच वाक्यं. शेवटी "समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "घरी मुलीला हे कसं सांगाल, मला सांगून दाखवा" म्हणा, म्हणजे काय समजलं ते कळेल. वेळ दुप्पट धरा.

आजार कशामुळे झाला याचं उत्तरही प्रत्येकाचं वेगळं असतं. आर्थर क्लाइनमन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी 1978 साली सहकाऱ्यांबरोबर काही साधे प्रश्न सुचवले होते आणि ते अजून कामाला येतात: तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे झालं? आत्ताच का सुरू झालं असेल? याचा तुम्हाला काय त्रास होतो? कुठला उपचार व्हावा असं वाटतं? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? शेवटच्या प्रश्नानंतर गप्प बसा, बोलायला वेळ द्या.

स्मरणशक्तीच्या टेस्टबद्दल एक सांगते. 1975 पासून जगभर वापरली जाणारी एमएमएसई टेस्ट आहे, तिच्यात वाक्य लिहायचं असतं, वाचायचं असतं, शंभरातून सात-सात वजा करायचे असतात. जी बाई शाळेतच गेली नाही तिला कमी मार्क पडणारच, म्हणून तिला डिमेन्शिया आहे असं होत नाही. यासाठीच सिडनीमध्ये रुडास नावाची टेस्ट तयार झाली, 2004 साली ती प्रसिद्ध झाली. त्यात खरेदीच्या चार वस्तू लक्षात ठेवायच्या, रस्ता कसा ओलांडाल ते सांगायचं, प्राण्यांची नावं घ्यायची, असं असतं, आणि ती भाषेला-शिक्षणाला कमी अडते. 30 पैकी 22 किंवा कमी आले तर पुढची तपासणी. डॉक्टरांना विचारा, कुठली टेस्ट घेतली आणि कुठल्या भाषेत.

दुखणं. काही जण जरा दुखलं की मोठ्यानं विव्हळतात, काही दात आवळून "ठीक आहे" म्हणतात, दोघांनाही तेवढंच दुखत असू शकतं. बोलता येत नसेल तर पेनॅड नावाचं मोजमाप आहे, श्वास, आवाज, चेहरा, अंगाची हालचाल आणि धीर दिल्यावर शांत होतात का, या पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2, एकूण 10. कूस बदलताना बघा, नुसतं झोपलेलं असताना नाही. आणि सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर बेडसोअरची (सतत पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची) सुरुवात बऱ्याचदा लाल दिसतच नाही! हात लावून बघावं लागतं, आजूबाजूपेक्षा तिथं गरम किंवा गार आहे का, कडक किंवा मऊ लागतं का, रंग जास्त गडद किंवा जांभळट आहे का. बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही गडद त्वचेवर ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, त्यामुळे आकडा बरा आणि माणूस धापा टाकतोय असं असेल तर माणसावर विश्वास ठेवा.

औषधांतही बघायचं असतं. बऱ्याच कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावरापासूनचं असतं, हेपॅरिन हे रक्त पातळ करायचं औषध बहुतेक डुकराच्या आतड्यापासून करतात, काही सिरपमध्ये अल्कोहोल असतं. गुपचूप देऊ नका. सांगा, पर्याय आहे का डॉक्टरांना विचारा, ठरवू द्या त्यांना. उपवास किंवा रोजे असतील तर काही आठवडे आधीच डॉक्टरांशी बोला, कारण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी डायबिटीसची गोळी चालू असताना पोट रिकामं राहिलं तर शुगर धोकादायक खाली येते. आजारी माणसाला बहुतेक धर्मांत सूट असते पण ती आपण सांगून पटत नाही, ज्यांना ते मानतात अशा धर्मगुरूंनी सांगितली तर पटते.

घरचे कोण, हेही गृहीत धरू नका. कुणाचा पुतण्या सगळं बघतो, कुणाची शेजारीण. कुणाचा "मित्र" तीस वर्षांचा जोडीदार असतो. इंग्लंडमध्ये 1967 पर्यंत (पुरुषांमधले) आणि भारतात 2018 पर्यंत समलिंगी संबंध कायद्यानं गुन्हा होता, त्या धाकात आयुष्य काढलेली माणसं संस्थेत आली की पुन्हा लपायला लागतात. म्हणून "लग्न झालंय का, मुलं किती" याऐवजी "तुमच्या जवळचं कोण आहे, काही झालं तर आधी कुणाला कळवू?" विचारा. काही घरांत म्हणतात, बाबांना कॅन्सरचं सांगू नका. मग बाबांनाच, एकटे असताना, विचारायचं: तुमच्या आजाराचं तुम्हाला किती सांगू आणि कुणाला सांगू? "मुलाला सांगा, मला नको" म्हणाले तर तोही त्यांचाच निर्णय, तारीख टाकून लिहून ठेवा.

मरणाबद्दलही आधीच, बरं वाटत असताना विचारा. कुणाला बोलवायचं, कुणी शेजारी बसायचं, नंतर अंगाला कोण हात लावेल, अंघोळ कोण घालेल, लगेच हलवलं तर चालेल का, हातातला धागा किंवा दागिना राहू द्यायचा का. रात्री तीन वाजता नवीन स्टाफनं धागा कापून टाकला आणि सकाळी मुलगी तो मुठीत धरून रडत बसली, हे मी पाहिलंय, त्या मुलीला देण्यासारखं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

हे सगळं एका पानावर लिहा. पन्नास पानी फाइलमध्ये गेलं की संपलं, रात्रपाळीची मुलगी ती उघडत नाही, तिला दोष नाही. एक पान, वर नाव आणि उच्चार, खाली त्यांचे शब्द, अंघोळ, खाणं, भीती, कुणाला फोन. खाजगी गोष्टी भिंतीवर नाहीत, त्या हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, तोंडी सांगायच्या आणि फाइलमध्ये ठेवायच्या. आणि पानावर तारीख घाला, कारण माणसं बदलतात. नवरा गेला, पडून हाड मोडलं, भाषा सुटायला लागली, की सगळं पुन्हा विचारायचं, आणि ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी प्रार्थना सोडली त्या आजोबांनाही पुन्हा एकदा विचारायचं, सध्या हवीये का.