आयबीएसच्या संशोधनात येताय? आधी पोटाची भाषा शिका

आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, हा पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारींचा जुनाट आजार. त्यावरच्या अभ्यासात संशोधन सहायक म्हणून रुजू झाले, तेव्हा वाटलं होतं की दिवस प्रयोगशाळेत जातील. गेले ते रुग्णांसमोर बसून प्रश्नावल्या भरून घेण्यात. सुरुवातीला खट्टू झाले. पण या आजारात एन्डोस्कोपी बहुधा स्वच्छ निघते, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि तरीही माणूस वर्षानुवर्षं पोट धरून बसलेला असतो. त्याचा त्रास मोजायचा तर त्यालाच विचारावं लागतं.

निदानासाठी आम्ही रोम निकष, म्हणजे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेली लक्षणांची कसोटी, वापरतो. २०१६च्या चौथ्या आवृत्तीनुसार गेल्या ३ महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान १ दिवस पोट दुखायला हवं. शिवाय शौचाशी त्या दुखण्याचा संबंध, शौचाला किती वेळा होतं यात बदल आणि मलाच्या स्वरूपात बदल यांपैकी किमान २ गोष्टी हव्यात. त्रासाची सुरुवात किमान ६ महिन्यांपूर्वीची हवी. २००६च्या आवृत्तीत 'दुखणं किंवा अस्वस्थता' असं होतं. यातली 'अस्वस्थता' नंतर वगळली, कारण भाषेगणिक त्या शब्दाचा अर्थ बदलतो आणि काही भाषांत तर तसा शब्दच नाही.

हे वाचून मी पुढे गेले होते. कळलं ते एका बाईंमुळे. "पोट दुखतं का?" "नाही हो, दुखत नाही." मी 'नाही'वर खूण केली. मुलाखत संपली, त्या चपला घालता घालता म्हणाल्या, "सकाळी कळ येते ना, ती आली की भिंतीला धरून उभी राहते बघा." त्यांच्या लेखी कळ वेगळी, दुखणं वेगळं. माझ्या एका खुणेमुळे त्या अभ्यासातून बाद होणार होत्या. मी तशीच वरिष्ठांकडे गेले.

अशा वेळी प्रश्नाचे शब्द आपल्या मनाने बदलू नका. प्रश्नावली तपासून प्रमाणित केलेली असते. अडलेला शब्द टिपून ठेवा आणि टीमपुढे मांडा, भाषांतर सुधारायचं काम तिथे होतं.

'पोट साफ होत नाही' हे तर रोजचंच. कुणाला तीन दिवस होत नाही, कुणाला तीनदा जाऊनही राहिल्यासारखं वाटतं. इथे ब्रिस्टल तक्ता कामी येतो. त्यात मलाचे ७ प्रकार असतात, १-२ बद्धकोष्ठतेकडचे, ६-७ जुलाबाकडचे. बोलायला संकोचणारी माणसं चित्रावर मुकाट्याने बोट ठेवतात. तेव्हा नजर चुकवू नका.

प्लासिबोबद्दल, म्हणजे औषध नसलेल्या गोळीबद्दल, नीट वाचा. २०१० साली ८० रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळीत औषध नाही हे सांगूनच ती दिली होती, आणि ३ आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचं गोळीवाल्यांपैकी ५९ टक्क्यांनी सांगितलं, बिनगोळीवाल्यांपैकी ३५ टक्क्यांनी. यावरून 'म्हणजे मनाचेच खेळ' असं कुणी म्हणालं तर मला राग येतो. आतडं आणि मेंदू एकमेकांशी सतत बोलत असतात, आणि ते दुखणं खरंच असतं.

शौचातून रक्त, विनाकारण घटलेलं वजन किंवा रक्तक्षय दिसला तर प्रश्नावली बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांना सांगा.

पहिल्या दहा मुलाखतींना अनुभवी सहकाऱ्याशेजारी नुसतं बसा, आणि एक वही ठेवा. माझ्या वहीत कळ, मुरडा, गुबारा, तडस, गोळा येणं, पिळवटणं एवढे शब्द झालेत, आणि प्रत्येकापुढे तो म्हणणाऱ्याने हात पोटावर नेमका कुठे ठेवला ते लिहिलंय.