नवा चष्मा रुळत नाही? आधी या चुका तपासा

नवा चष्मा लावून जिना उतरताना पायरी वर आल्यासारखी वाटते, कपाळ दुखतं आणि दोन दिवसांत जुना चष्मा पुन्हा नाकावर येतो. 'नंबरच चुकीचा काढला' असं मग आपण ठरवून टाकतो. कधी ते खरंही असतं. पण बरेचदा गडबड तपासणीच्या खुर्चीत आपल्याच हातून झालेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे परीक्षा दिल्यासारखी अक्षरं वाचणं. डोळे बारीक करून, अंदाजाने शेवटची ओळ म्हणून दाखवली की नंबर फसतो. 'ही काच बरी की ती?' या प्रश्नाला तर लोक घाबरतातच आणि काहीतरी एक सांगून मोकळे होतात. 'दोन्ही सारख्याच दिसतात' हे अगदी कामाचं उत्तर आहे. सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईसाठी कोनासह दिलेला नंबर, नेमका करताना दोन्ही काचा सारख्या वाटू लागल्या, म्हणजेच योग्य जागा सापडली. मशीनवर निघणारा आकडा ही फक्त सुरुवात असते. पक्का नंबर तुमच्या उत्तरांतूनच ठरतो, तेव्हा घाई करू नका.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या किती दिवस आधी काढायच्या, हे वेळ घेतानाच विचारून घ्यावं. लेन्समुळे बुबुळाचा आकार तात्पुरता बदलू शकतो. मधुमेह असेल आणि साखर वरखाली होत असेल तर ते आधी सांगा. साखरेबरोबर नंबरही हलतो, म्हणून ती स्थिरावेपर्यंत नवा चष्मा करू नये.

आता चष्मा हातात आल्यावरची तक्रार. जमीन तिरकी वाटत असेल तर सिलिंड्रिकल नंबर किंवा त्याचा कोन बदललेला असण्याची शक्यता जास्त. असा बदल अंगवळणी पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात, पण त्यासाठी चष्मा सतत लावायला हवा. प्रोग्रेसिव्ह काचेतून, म्हणजे वरून दूरचं आणि खालून जवळचं दिसणाऱ्या बिनरेघेच्या काचेतून, वाचताना हनुवटी फार उचलावी लागत असेल, तर काच डोळ्याच्या मानाने खाली बसली आहे का ते बघून घ्या. पुष्कळदा फ्रेम नाकावरून घसरलेली असते आणि नाकावरचे पॅड नीट केले की काम होतं. तरीही जमलं नाही तर परत जा आणि काचेचा नंबर चिठ्ठीशी ताडून मागा, दोन बाहुल्यांमधलं अंतरही मोजायला सांगा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, संकोच कसला?

मुलांच्या बाबतीत मात्र मला फार कळकळीने सांगायचं आहे. 'नंबर वाढू नये म्हणून कमी नंबरचा चष्मा द्या' असं पालक म्हणतात. त्याने नंबर वाढायचा थांबत नाही, मूल फक्त धूसर बघत राहतं. थेंब टाकून तपासणीही टाळू नका. मुलांचे डोळे इतका जोर लावतात की थेंबांशिवाय खरा नंबर लपून राहू शकतो. एक डोळा आळशी, म्हणजे चष्म्यानेही पुरतं न दिसणारा, असेल तर दुसऱ्या डोळ्यावर निभावून नेणारं मूल तक्रारच करत नाही, आणि उपचाराचा सगळ्यात चांगला काळ वयाच्या सातव्या-आठव्या वर्षाआधीचा असतो.

नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, असंही समजू नका. काचबिंदूत सुरुवातीला बहुधा काहीच दुखत नाही आणि समोरचं स्वच्छ दिसत राहतं. म्हणून चाळिशी लागली की डोळ्याचा दाब आणि नस बघून घ्या, घरात कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच. टाइप 2 मधुमेह असेल तर निदान होताच डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा आणि पुढे साधारण दरवर्षी. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नका.

अचानक डोळ्यासमोर ठिपक्यांचा पाऊस, विजेसारखे चमकारे किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर चष्म्याच्या तपासणीची वेळ घेत बसू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ डॉक्टरकडे जा.