मिलान ते रोम, थंडीत, गाडीने: कुठे घ्यायची, कुठे लावायची, कुठे सोडायची

इटलीत गाडी भाड्याने घ्यायची ती शहरं बघायला नव्हे, एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला. एकदा हे मान्य केलं की अर्धी सहल आपोआप मार्गी लागते. फ्लॉरेन्स, बोलोन्या, सिएना ही शहरं मोटारी येण्याच्या कितीतरी शतकं आधी बांधलेली. त्यांच्या गल्ल्यांत गाडी म्हणजे गळ्यातलं लोढणं, आणि वर दंड. थंडीत आणखी दोन गोष्टींची भर पडते. दिवस फार छोटा असतो, आणि नाताळ ते ६ जानेवारी या काळात काय कधी बंद असेल हे आधी पाहावंच लागतं.

मार्ग

विमानाने मिलानला उतरा आणि परतीचं विमान रोमहून घ्या. रोमला उतरून रोमलाच परतायचं ठरवलं तर शेवटचा एक दिवस आल्या रस्त्याने मागे जाण्यात जातो. मिलानचे दोन दिवस मेट्रोने काढा, गाडी घेऊच नका. तिसऱ्या दिवशी सकाळी एम-४ मेट्रोने लिनाते विमानतळावर जायचं आणि गाडी तिथून घ्यायची. विमानतळावरचं ऑफिस रविवारी किंवा सुटीच्या दिवशीही उघडं असण्याची शक्यता शहरातल्यापेक्षा जास्त. शहरातली ऑफिसं दुपारी दोन-तीन तास बंद असतात, रविवारी तर बहुधा उघडतच नाहीत. लिनातेहून बाहेर पडलात की लगेच रिंगरोड लागतो, मध्य मिलानमधून गाडी काढावी लागत नाही.

पुढचे टप्पे असे: वेरोना साधारण १६० किलोमीटर, तिथून व्हेनिसजवळचं मेस्त्रे ११५, मेस्त्रे ते बोलोन्या १५०, बोलोन्या ते फ्लॉरेन्स १०५, फ्लॉरेन्स ते सिएना ७५, मग ओर्विएतोला थांबून रोमचा फ्युमिचिनो विमानतळ. इकडेतिकडे वळणं धरून एकूण साडेआठशे-नऊशे किलोमीटर होतात. नऊ ते दहा दिवस लागतात. सात दिवसांतही उरकता येतं, पण मग रोज बॅगा भरायच्या आणि रोज बॅगा सोडायच्या.

डिसेंबरअखेरीस मिलानमध्ये सूर्य सकाळी आठला उगवतो आणि पावणेपाचच्या सुमारास मावळतो. म्हणून सकाळी नऊला निघून दुपारी बाराच्या आत पुढच्या शहरात गाडी लावून टाकायची. संध्याकाळी सहाला अंधारात, पावसात, परक्या शहरात पार्किंग शोधत फिरताना मैत्रीची जितकी परीक्षा होते तितकी दुसरीकडे कुठे होत नाही.

गाडी घेताना

चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर छोटी हॅचबॅक पुरत नाही, तिच्या डिकीत दोनच बॅगा बसतात. स्टेशन वॅगन घ्या. थंडीत जाडे कोटही जागा खातात, हे हिशेबात धरा. सहा-सात जण असाल तर नऊ आसनी व्हॅन मिळते आणि साध्या कारच्या परवान्यावर चालते. पण तिची उंची दोन मीटरच्या आसपास असते आणि बऱ्याच भूमिगत पार्किंगांत तेवढी उंची चालत नाही. त्यापेक्षा दोन गाड्या बऱ्या. इटलीत गिअरची गाडी सर्रास मिळते. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच तसं निवडा.

भारतीय परवान्यासोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. ते निघण्यापूर्वी आरटीओकडूनच काढायचं, एक वर्ष चालतं. मूळ परवानाही जवळ असायला हवा. अनामत रक्कम मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवली जाते. मित्राचं कार्ड चालत नाही आणि डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी नाकारतात. चालवणारे दोघे असतील तर दोघांचीही नावं करारावर घाला. नाव नसलेल्या माणसाच्या हातून गाडी ठोकली गेली तर विमा हात वर करतो.

आता टायर. १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात बऱ्याच महामार्गांवर हिवाळी टायर नाहीतर डिकीत बर्फाच्या साखळ्या सक्तीच्या असतात. बोलोन्या आणि फ्लॉरेन्समधल्या अपेनाइन डोंगरांचा रस्ता त्यातलाच. रस्त्याकडेला पाटी असते, तिच्यावर टायर आणि साखळीचं चित्र असतं. गाडीत ही सोय आहेच असं गृहीत धरू नका. टायरच्या बाजूला 'एम प्लस एस'ची अक्षरं किंवा डोंगरात हिमकण असं चिन्ह दिसतंय का, ते स्वतः वाकून बघा. साखळ्या दिल्या असतील तर त्यांच्या डब्यावरचा आकार टायरवरच्या आकड्यांशी जुळतो का ते तपासा, उदाहरणार्थ २०५/५५ आर १६. साखळी चढवायची ती इंजिनाची ताकद जाणाऱ्या चाकांवर, छोट्या गाड्यांत ती बहुधा पुढची असतात. एकदा पार्किंगमध्येच चढवून बघा. बर्फात गारठलेल्या बोटांनी पहिल्यांदा शिकायची ही गोष्ट नव्हे. साखळी लावल्यावर ताशी ५० किलोमीटरच्या वर जायचं नाही, आणि कोरडा डांबरी रस्ता लागला की ती लगेच काढायची.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, रिम आणि काच यांचा व्हिडिओ काढा. अंधार पडला असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून काढा. टायर, काचा आणि गाडीचा तळ साध्या विम्यात बहुधा येत नाहीत, तेव्हा कागद वाचून सही करा.

रस्त्यावर

महामार्गावर वेगमर्यादा १३०, पण पाऊस किंवा बर्फ पडत असेल तर ११०. डिसेंबरात ही ११० चीच मर्यादा वारंवार लागू होते. बऱ्याच पट्ट्यांवर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. त्यामुळे कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढे पुन्हा पळवणं, ही युक्ती इथे चालत नाही. शहराबाहेर दिवसाही दिवे लावलेले असले पाहिजेत. रक्तातल्या मद्याची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, आणि परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. जेवताना वाइन कोण घेणार नाही, हे बाटली उघडण्यापूर्वीच ठरवा.

टोलनाक्यावर आत शिरताना बटण दाबून तिकीट घ्यायचं आणि बाहेर पडताना त्या अंतराचे पैसे भरायचे. तिकीट शेजारी बसलेल्याच्या ताब्यात द्या. ते हरवलं तर सर्वांत लांबच्या नाक्यापासूनचा टोल लागतो. पिवळ्या पाटीची लेन फक्त टोल आपोआप भरणाऱ्या टेलेपास यंत्रवाल्यांसाठी, निळी कार्डासाठी, आणि हात व नाण्यांचं चित्र असलेली पांढरी रोख रकमेसाठी. चुकून पिवळ्या लेनमध्ये घुसलात तर गाडी मागे अजिबात घेऊ नका. मदतीचं बटण दाबा. न भरलेल्या टोलची पावती मिळते, ती १५ दिवसांत ऑनलाइन भरता येते. मिलानच्या उत्तरेला पेदेमोन्ताना नावाचा महामार्ग आहे, तिथे नाकाच नाही. नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि पैसे आपण होऊन १५ दिवसांत भरायचे असतात. माल्पेन्सा विमानतळावरून गाडी घेणारे नेमके इथे अडकतात.

पंपावर दोन भाव दिसतील. 'सेल्फ' म्हणजे स्वतः भरा, 'सेर्वितो' म्हणजे माणूस भरून देणार आणि लिटरमागे जास्त घेणार. 'बेंझिना' म्हणजे पेट्रोल, 'गासोलिओ' म्हणजे डिझेल. महामार्गावरचा पंप महागच असतो. रात्री यंत्रात कार्ड घातलं की आधी शंभर युरोंच्या आसपास रक्कम अडकते आणि काही दिवसांनी मोकळी होते. दोनदा पैसे कापले म्हणून घाबरू नका.

पो नदीच्या सपाट प्रदेशात, म्हणजे मिलान, वेरोना आणि बोलोन्याच्या पट्ट्यात, थंडीत दाट धुकं पडतं. हवा थांबलेली असली की सकाळी दहा-अकरापर्यंत ते उठत नाही. मोठा दिवा लावला तर प्रकाश धुक्यावरून परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते, तेव्हा लहान दिवाच ठेवा. ५० मीटरच्या पुढचं दिसत नसेल तर मागचा लाल फॉग दिवा लावायचाच असतो, आणि धुकं विरळ झालं की आठवणीने बंद करायचा. ओले कोट घालून चौघं बसले की काचा आतूनही धुरकट होतात. गरम हवेबरोबर एसी चालू करा, दोन मिनिटांत साफ होतात.

बोलोन्याहून फ्लॉरेन्सला जाताना ए-१ महामार्ग डोंगरात दुभागतो. एक 'पानोरामिका', म्हणजे जुना वळणांचा घाट. दुसरा 'दिरेत्तिस्सिमा', म्हणजे डिसेंबर २०१५ मध्ये खुला झालेला, लांब बोगद्यांचा, कमी उंचीचा. हिवाळ्यात दुसराच धरा. 'पानोरामिका' हे देखाव्याचं नाव मोहात पाडतं, पण धुक्यात कसला आलाय देखावा! रेडिओवर १०३.३ वर रस्त्यांची खबर देणारं इसोरादिओ केंद्र लावलं तर भाषा कळली नाही तरी रस्त्यांची नावं आणि 'नेवे', म्हणजे बर्फ, हा शब्द कानावर पडतो. आणीबाणीत ११२.

झेडटीएल: खिसा इथे फाटतो

झेडटीएल म्हणजे जुन्या शहरांचा मधला भाग, जो ठरावीक वेळात बाहेरच्या गाड्यांना बंद असतो. पांढऱ्या गोल पाटीला लाल कडा असते आणि वर कॅमेरा असतो. अडथळा नाही, पोलिस नाही, त्यामुळे आत गेल्याचं कळतही नाही. प्रकाशपाटीवर 'वार्को आत्तीवो' असेल तर कॅमेरा चालू, 'वार्को नॉन आत्तीवो' असेल तर बंद. गंमत अशी की 'आत्तीवो' वाचून लोकांना वाटतं रस्ता चालू आहे! दर प्रवेशाला वेगळा दंड, म्हणून रस्ता चुकून तीनदा फिरलात तर तीन दंड. नकाशाचं ॲप हे नेहमी टाळतंच असं नाही.

मुक्काम झेडटीएलच्या आत असेल तर बुकिंगनंतर लगेच मालकाला विचारा: आमचा गाडी नंबर नोंदवाल का? कधी आणि किती तासांसाठी? 'काळजी नको, सगळे येतात' असं उत्तर आलं तर गाडी बाहेर लावून बॅगा ओढत जा. रस्त्यावर पार्किंगच्या पांढऱ्या रेघा म्हणजे फुकट, निळ्या म्हणजे पैसे भरून, पिवळ्या म्हणजे राखीव. पांढऱ्यातही वेळेची पाटी असेल तर पोहोचल्याची वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची तबकडी काचेमागे ठेवावी लागते.

शहरागणिक सोय अशी. वेरोनात अरेना या रोमन रंगमंडळाजवळचं सिटाडेला भूमिगत पार्किंग. व्हेनिससाठी मेस्त्रेत राहा, गाडी तिथेच ठेवा आणि रेल्वेने दहा मिनिटांत व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनला उतरा. व्हेनिसच्या तोंडाशी असलेल्या पियात्साले रोमा या चौकापर्यंत गाडी नेता येते, पण तिथल्या गॅरेजचं भाडं तेवढ्या सोयीला महाग आहे. बोलोन्यात तानारी पार्किंग आणि तिथून बस. पाऊस असला तरी हरकत नाही, तिथले कमानींखालचे छतवाले पदपथ जुन्या शहरातच जवळपास ४० किलोमीटर पसरले आहेत, छत्रीवाचून चालतं. फ्लॉरेन्सला तर उत्तम उपाय आहे: व्हिला कोस्तान्झा. हे पार्किंग थेट ए-१ वर आहे, शहरात उतरावंच लागत नाही. गाडी लावा आणि टी-१ ट्रामने साधारण पंचवीस मिनिटांत सांता मारिया नोव्हेल्ला हे मुख्य रेल्वे स्टेशन गाठा. सिएनात सांता कातेरिना पार्किंगमधून सरकत्या जिन्याने टेकडीवर चढता येतं. ओर्विएतोत रेल्वे स्टेशनजवळ गाडी लावून फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या डोंगरी रेल्वेने, वर जा, तीन तास पुरतात.

गाडीत बाहेरून दिसेल असं काही ठेवू नका, चार्जरची वायरसुद्धा नाही. स्टेशन वॅगनची डिकी झाकणारा पडदा ओढलेला हवा.

बंद आणि उघडं

२५ डिसेंबरला प्रवास ठेवू नका. बहुतेक संग्रहालयं आणि दुकानं बंद असतात. २६ ला आणि १ जानेवारीलाही बरंच बंद असतं, ६ जानेवारीची सुटी विसरली जाते. फ्लॉरेन्सचं उफ्फिझी कलासंग्रहालय सोमवारी बंद असतं, मिलानमधलं लिओनार्दोचं 'अखेरचं भोजन' हे चित्र बघायलाही सोमवारी मिळत नाही. ते चित्र बघायला आत १५ मिनिटंच मिळतात आणि आगाऊ तिकीट लागतं. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. २७ ला मिलान सोडून ३१ ला बोलोन्यात पोहोचलात तर परंपरेने मध्यरात्री जुन्या वर्षाचा पुतळा जाळतात, तो सोहळा मिळू शकतो. त्या रात्री गाडी रस्त्यावर नको, फटाके तिच्याच टपावर फुटतात.

व्हेनिसला पाणी चढण्याचा मोसम शरद आणि हिवाळ्याचा. मोठ्या भरतीला पाणी अडवणारी समुद्रातली 'मोसे' नावाची दारं उठवतात, तरी सान मार्कोचा चौक शहरात सर्वांत खोल असल्याने मधल्या भरतीला तिथे पाणी येऊ शकतं. रबरी बूट बॅगेत न भरता तिथेच घ्यावेत.

अपार्टमेंट घेताना हीटर 'आउतोनोमो', म्हणजे घरापुरता स्वतंत्र, की 'चेंत्रालिझ्झातो', म्हणजे सामाईक, ते विचारा. इमारतीचं सामाईक असेल तर ते ठरलेल्या तासांनाच चालतं आणि रात्री बंद होतं, मग पांघरुणं जास्त मागून ठेवा.

शाकाहारी मंडळींसाठी: बोलोन्यात 'तोर्तेल्लोनी' हा सारण भरलेला पास्ता, लोणी आणि सेजच्या पानांत केलेला, चालतो. पण 'तोर्तेल्लीनी'त मांस असतं आणि ते मांसाच्या रश्शात येतात. एका अक्षराचा फरक, पण जेवण बिघडतं. मिलानच्या पिवळ्या रिसोत्तो या भातातही मांसाचा रस्सा आणि हाडातला मगज असतो. पार्मेझान चीजला वासराच्या पोटातलं विरजण लागतं, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी सांगावं. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात आणि संध्याकाळी सातच्या पुढे उघडतात. मधल्या वेळेला महामार्गावरचं उपाहारगृहच कामी येतं.

रोम

सिएनाहून बेत्तोल्ले या गावापर्यंतचा रस्ता टोलमुक्त आहे, तिथून ए-१. ओर्विएतोनंतर रोमच्या रिंगरोडवरून थेट फ्युमिचिनो विमानतळावर जाऊन गाडी परत करा आणि शहरात रेल्वेने या. टाकी विमानतळाआधी भरा, पावती ठेवा. परत देतानाही सगळ्या बाजूंचा व्हिडिओ काढा. ऑफिस बंद असल्याने किल्ली पेटीत टाकावी लागली तर किलोमीटर आणि इंधनाचा काटा यांचा फोटो घ्या. परदेशात राहणाऱ्याला दंडाची नोटीस ३६० दिवसांपर्यंत येऊ शकते, त्याआधी भाड्याची कंपनी पोलिसांना तुमचं नाव कळवण्याचं शुल्क कार्डातून वेगळं कापते. नोटीस आल्यावर पाच दिवसांत भरली तर बहुतेक दंडांवर ३० टक्के सूट असते. म्हणून करार, पार्किंगच्या पावत्या आणि हॉटेलने नंबर नोंदवल्याचा मेल वर्षभर जपून ठेवा, आणि त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं हे कुणीतरी वहीत लिहून ठेवा.