गूगलमधल्या डेटाची प्रत आपोआप

वेब सेवा कधी गुंडाळली जाईल याचा नेम नसतो. गूगल रीडर २०१३ मध्ये गेलं, गूगल प्लस २०१९ मध्ये. आपली प्रत आपल्याकडे असलेली बरी.

१. गूगल टेकआउट (आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलचीच सोय) उघडा. आधी सगळ्या खुणा काढून टाका, मग फोटो, मेल, कॉन्टॅक्ट्स असं हवं तेवढंच निवडा. नाहीतर यूट्यूबचा पसाराही गळ्यात पडतो.

२. पुढच्या पानावर ‘दर दोन महिन्यांनी, वर्षभर’ हा पर्याय घ्या. बहुतेकांची नजर यावर पडतच नाही! वर्षात सहा प्रती आपसूक तयार होतात.

३. मेलवर लिंक आली की लगेच डाउनलोड करा. ती आठवडाभरच चालते.

प्रत त्याच खात्याच्या ड्राइव्हमध्ये मात्र ठेवू नका. खातंच लॉक झालं तर तीही गेली.