आगाशिवामागून येणारी फेरी : अवकाश स्थानकाचं चित्र घरच्या गच्चीवर कसं उतरवायचं

एकतीस वर्षं मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. गाडी लागली, गाडी सुटली, कुठली फेरी का चुकली, यातच नोकरी गेली. निवृत्तीनंतर हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा दिली, परवाना काढला, आणि आता कराडच्या आमच्या गच्चीवर उभं राहून एका वेगळ्याच स्थानकाच्या फेऱ्या टिपतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. जमिनीपासून चारशे-सव्वाचारशे किलोमीटर वर, ताशी साडेसत्तावीस हजार किलोमीटरच्या वेगानं जातं आणि दीड तासात पृथ्वीची एक चक्कर पुरी करतं. त्यात हौशी रेडिओचे सेट बसवलेले आहेत. अरिस नावाची आंतरराष्ट्रीय संघटना त्यांचं काम बघते, आणि वर्षातून काही वेळा त्या सेटवरून चित्रं पाठवली जातात. चित्र आवाजाच्या रूपात येतं. तो आवाज पकडला की मोबाइलवर त्याचं पुन्हा चित्र होतं.

२०२५च्या जुलैत शुभांशु शुक्ला वर होते, तेव्हा बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रातल्या विद्यार्थ्यांशी ते हॅम रेडिओवरूनच बोलले. त्या आठवड्यात मला ओळखीतल्या चार-पाच जणांनी तरी विचारलं, "काका, हे आपल्याला घरून ऐकता येईल का?" येईल. आणि लवकर करा म्हणतो, त्याला कारण आहे. नवशिके ज्यांच्यावर हात बसवायचे ते अमेरिकेचे जुने हवामान उपग्रह, नोआ-१८, नोआ-१९ आणि नोआ-१५, तिन्ही २०२५च्या जून ते ऑगस्टमध्ये बंद झाले. मी पहिलं चित्र नोआ-१९ वरून घेतलं होतं, अरबी समुद्रावरचे ढग होते त्यात. अवकाश स्थानकही २०३० पर्यंत चालवून मग खाली उतरवायचा नासाचा बेत आहे. फेऱ्या मोजक्याच उरल्यात.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. इथं आपल्याला फक्त ऐकायचं आहे. वर बोलायचं असेल तर दूरसंचार विभागाची परीक्षा आणि परवाना हवाच. किमान बारा वर्षं वय लागतं, म्हणजे शाळेतली मुलंही बसू शकतात. परवाना हातात येईपर्यंत बोलायचा वॉकीटॉकी सेट विकत घेऊ नका. ऐकायला आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे पेनड्राइव्हएवढा रेडिओ रिसीव्हर, पुरतो. तो लॅपटॉपला लागतो, आणि ओटीजी केबल असेल तर मोबाइललाही.

पैसे डोंगलला जातात, पण खरं काम अँटेना करते, आणि ती घरी होते. डोंगलबरोबर येणारी छोटी काडी स्थानक डोक्यावर असताना जेमतेम ऐकवते. मी मेजरिंग टेपची यागी केली, म्हणजे दांड्यावर आडव्या पट्ट्या लावलेली, एका दिशेला रोखायची अँटेना. पाच मीटरची, इंचभर रुंद पट्टीची स्टीलची टेप घ्या. लागते तीन मीटरच्या आतच, पण तीन मीटरच्या टेपची पट्टी अरुंद येते आणि वाऱ्यानं लगेच मान टाकते. तिचे चार तुकडे करायचे : मागचा १०५ सेंटिमीटर, मधले दोन प्रत्येकी ४५, पुढचा ८९. कापायला पत्र्याची कात्री वापरा. कापल्यावर कोपरे गोल करून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळा, कारण ती धार बोट कापते आणि अंधारात गच्चीवर शेजारी लहान मूल उभं असतं.

दांडा अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा, प्लंबरच्या दुकानात मिळणारे टी आणि क्रॉस लावून. मागच्या पट्टीपासून मधल्या जोडीपर्यंत २० सेंटिमीटर, तिथून पुढच्या पट्टीपर्यंत ३२. मागं वीतभर पाइप जास्त ठेवा, ती मूठ. पट्ट्या होज क्लिपनं आवळा. मधले दोन तुकडे एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत, त्यांच्यात अडीच सेंटिमीटर अंतर हवं. साडेबारा सेंटिमीटर तांब्याची तार इंग्रजी यू सारखी वाकवायची, टोकांत दोन सेंटिमीटर अंतर ठेवून तिचं एक टोक एका तुकड्याला आणि दुसरं दुसऱ्याला जोडायचं. त्याच जागी डोंगलकडे जाणारी केबल येते : आतली तार एका तुकड्याला, बाहेरची जाळी दुसऱ्याला.

डाग देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, इथं सगळ्यांचं घोडं अडतं. पिवळ्या रंगावर डाग बसतच नाही. आधी पॉलिश पेपरनं पट्टीचा रंग पूर्ण खरवडून पांढरं स्टील दिसू द्या, मग फ्लक्स लावून नुसत्या पट्टीवर सोल्डरचा पातळ थर चढवून घ्या, आणि मगच तार टेकवा. माझा पहिला डाग वरून चकचकीत दिसत होता, पण दुसऱ्या दिवशी केबल हलवली तसा सुटून आला. खाली रंग राहिला होता.

आता वेळापत्रक. कराडवरून दिवसाला साधारण चार-पाच फेऱ्या आवाक्यात येतात, पण सगळ्या कामाच्या नसतात. हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर किंवा लुक-फोर-सॅट ॲपमध्ये आपलं गाव घाला. डोळ्यांना दिसणाऱ्याच फेऱ्या दाखवायची खूण असेल तर ती काढा. रेडिओला अंधार लागत नाही, भर दुपारीही स्थानक तेवढंच ऐकू येतं. मग तीन गोष्टी वहीत उतरवा : कधी उगवतं, कुठून कुठं जातं आणि जास्तीत जास्त किती अंश वर चढतं. तीस अंशांच्या खालची फेरी सुरुवातीला सोडून द्या. क्षितिजावर असताना ते आपल्यापासून तेवीसशे किलोमीटर लांब असतं, डोक्यावर आल्यावर सव्वाचारशे. आवाजातला फरक तिथून येतो.

कागदावरची वेळ आणि आपल्या गच्चीवरची वेळ यांत डोंगर असतो. आमच्या नैर्ऋत्येला आगाशिव आहे. त्या बाजूनं येणारी फेरी ॲपमध्ये उगवली तरी मला काही वेळ नुसती खरखर. डोंगराच्या माथ्यावर आली की एकदम आवाज फुटतो. तुमच्याकडे समोरची इमारत असेल, पाण्याची टाकी असेल. आधी दोन-तीन फेऱ्या नुसत्या ऐकून कुठल्या दिशेला किती वेळ जातो ते लिहून ठेवा.

माझं चित्रं पाठवण्याचं पहिलं सत्र हुकलं ते घड्याळामुळे. चित्रांच्या तारखा जाहीर होतात तेव्हा वेळ जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते. नोकरीत चोवीस तासांचंच घड्याळ वापरलं, त्यामुळे १८:०० वाचलं आणि संध्याकाळी सहाला गच्चीवर जाऊन उभा राहिलो. तासभर काहीच नाही. ते सत्र आपल्या रात्री साडेअकराला सुरू होणार होतं, आणि तोवर मी सेट गुंडाळून झोपलो होतो. साडेपाच तास मिळवायचे, मध्यरात्र ओलांडली तर तारीखही बदलायची. आता वहीत मी दोन रकाने पाडले आहेत, एक त्यांच्या वेळेचा आणि एक आपल्या.

जाहीर झालेलं सत्रही पुढंमागं होतं. नवं यान जोडायचं असलं किंवा अंतराळवीर बाहेर पडून काम करणार असले की रेडिओ बंद ठेवतात. म्हणून गच्चीवर जाण्याआधी अरिसची ताजी सूचना बघा. ऐनवेळी काही ऐकू आलं नाही तर लगेच अँटेना मोडीत काढू नका.

फेरीच्या दहा मिनिटं आधी वर जा. वारंवारता १४५.८०० मेगाहर्ट्झ, मोड एफएम, पण आकाशवाणीसाठीचा रुंद एफएम नव्हे, एनएफएम म्हणजे अरुंद एफएम. डोंगलच्या सॉफ्टवेअरमध्ये वारंवारतेच्या पट्टीची रुंदी (बँडविड्थ) पंधरा किलोहर्ट्झच्या आसपास ठेवा. फार अरुंद ठेवली तर आवाज कापला जातो आणि चित्रावर ठिपके येतात. स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबायची सोय, पूर्ण उघडा. हे विसरलात तर आवाज जरा क्षीण झाला की यंत्र आपणहून गप्प होतं आणि चित्रात काळी भेग पडते. आणि ध्वनिमुद्रण चालू करूनच अँटेना हातात घ्या. चित्र समोर उमटताना बघायचा मोह होतो, पण मुद्रण हाताशी असलं की त्यातून चित्र नंतर दहा वेळा उकलता येतं. फेरी मात्र परत येत नाही.

स्थानक आपल्याकडे येत असताना वारंवारता साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत वर सरकलेली असते, लांब जाताना तेवढीच खाली. पुलाखालून शिट्टी वाजवत गेलेल्या आगगाडीसारखं. सुरुवातीला १४५.८०३, मध्यावर १४५.८००, शेवटी १४५.७९७, एवढं बदललं तरी भागतं.

अँटेना स्थानकाकडे धरा आणि मनगट हळूहळू पीळ देत फिरवत राहा. पट्ट्या आडव्या असताना आवाज बसला तर उभ्या करून बघा. स्थानकाची अँटेना आपल्या मानानं सतत कोन बदलत असते, म्हणून कान सांगेल तसं मनगट वळवायचं. सातवीतली माझी नात मोबाइलवर दिशा बघून सांगते, "आबा, थोडं वर. आता डावीकडे." दोघं असलात तर फारच सोपं जातं.

आवाज कसा असतो? आधी खरखर विरते आणि शांतता दाटते. मग एक ठाम सूर, आणि त्यापाठोपाठ चिरचिर, टकटक, पुन्हा चिरचिर, एका लयीत. चित्राच्या दर दोन ओळींच्या सुरुवातीला १२०० हर्ट्झचा छोटा ठोका येतो. तो आला की यंत्राला कळतं, इथून नवी जोडी. १५०० हर्ट्झ म्हणजे काळं, २३०० म्हणजे पांढरं, मधले सगळे सूर मधल्या छटा. उजळ आभाळ आलं की सूर चढतो, काळोख आला की उतरतो. चार-पाच चित्रं ऐकली की चित्रात मजकुराची पट्टी आली हे कानाला कळायला लागतं.

बहुतेक सत्रांत पीडी-१२० ही पद्धत असते. एक चित्र ६४० बाय ४९६ ठिपक्यांचं, पाठवायला दोन मिनिटं आणि वर काही सेकंद. मग सेट तापू नये म्हणून दोनेक मिनिटं विश्रांती, मग पुढचं. एका फेरीची नऊ-दहा मिनिटं धरली तर दोन पुरी चित्रं मिळाली म्हणजे फेरी भरून गेली समजा. मधल्या विश्रांतीत स्थानक गेलं असं वाटून पुष्कळ जण अँटेना खाली ठेवतात आणि पुढच्या चित्राचा माथा घालवतात. वेळ संपेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही.

उकलायला विंडोजवर एमएमएसएसटीव्ही, लिनक्सवर क्यूएसएसटीव्ही, मोबाइलवर रोबोट-३६. काहीच जमत नसेल तर लॅपटॉपवर मुद्रण वाजवा आणि रोबोट-३६ चालू केलेला मोबाइल स्पीकरजवळ धरा, तेव्हा घरात पंखा बंद ठेवा. चित्र तिरकं आलं, कललेल्या भिंतीसारखं, तर ती आपल्या ध्वनिमुद्रणाच्या घड्याळातली किंचित चूक असते. एमएमएसएसटीव्हीमध्ये तिरकेपणा सरळ करायची सोय आहे. हिरवट झाक किंवा आडव्या भेगा असल्या तर तिथं आवाज पडला होता, त्याला इलाज पुढची फेरी.

सत्रं नसतात तेव्हा हात कसा चालू ठेवायचा? स्थानकावरचा रिपीटर बहुधा चालू असतो. जमिनीवरची माणसं १४५.९९० वर बोलतात आणि ते बोलणं ४३७.८०० वर सगळीकडे परत येतं. डोंगलला सतरा सेंटिमीटरची साधी उभी तार लावून मी ते ऐकतो. इथं वारंवारता जास्त सरकते, दहा किलोहर्ट्झपर्यंत, म्हणून ४३७.८१० पासून सुरू करून हळूहळू खाली यायचं. एका संध्याकाळी बंगळुरूचा एक जण आणि आखातातला एक जण एकमेकांना "पाच-नऊ" देत होते, म्हणजे तुमचा आवाज स्वच्छ आणि दणदणीत येतोय. दोघांच्या मधोमध, समुद्रावर कुठंतरी, ते स्थानक होतं, आणि मी कराडात दोघांचंही ऐकत होतो. पुरी देवाणघेवाण वीस सेकंदांत आटपली. परवान्याच्या अभ्यासाला मला जी गोडी लागली ती त्या वीस सेकंदांमुळे.

माझं पहिलं चित्र पुरं आलं नाही. वरचा तिसरा हिस्सा नुसता राखी चुरा, आगाशिवानं खाल्लेला. त्याखाली मात्र निळी कड उमटली, मग अक्षरं, आणि नातीनं बोट ठेवून स्थानकाची रेडिओ ओळख वाचली : आरएस०आयएसएस. ते चित्र स्टेशनरीच्या दुकानातून छापून आणलं आणि वहीच्या पहिल्या पानावर डकवलं. शेजारी तारीख, फेरीचे अंश आणि कुठल्या मिनिटाला आवाज फुटला ते लिहिलं आहे.

तुमचं असं अर्धमुर्धं आलं तरी अरिसच्या चित्रदालनात चढवा. जगभरातून आलेली तीच चित्रं तिथं शेजारी दिसतात, आणि त्या सत्रासाठी प्रमाणपत्र ठेवलेलं असेल तर तेही मागवता येतं. चढवताना वेळ त्यांच्या घड्याळाची लिहायची. अँटेना दाराच्या मागं खिळ्याला टांगून ठेवा, पट्ट्या दुमडल्या तरी सोडल्यावर सरळ होतात. फक्त पावसाळ्यापूर्वी डागांवर नेलपॉलिशचा एक हात फिरवा, नाहीतर जुलैपर्यंत गंज चढतो.